वेळेआधी घोटलेला मांगू

"छप्पर बघायला येणाऱ्या माणसाला सलामी, चीज आणि वर अंडीसुद्धा! खिळे ठोकायला आला तर काय अख्खं डुक्कर भाजशील?"

दोन्या, म्हणजे बाईसाहेब, कासिल्दा हे स्वतःशीच म्हणाल्या, पण त्यांचं स्वतःशी बोलणं कुंपणापलीकडच्या शेजारणीलाही ऐकू जायचं. त्यांची झुलती खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातच असे. आत जाणाऱ्याला त्यांचे पाय ओलांडावे लागत आणि बाहेर येणाऱ्याला त्यांची नजर.

त्यांच्या सुनेला, नेरेइदाला, शब्द न् शब्द ऐकू आला आणि तिने न ऐकल्यासारखं केलं. इतक्या वर्षांच्या सरावाने तिला ते झकास जमायचं. मांगूसाठी, म्हणजे उकडलेली केळी लोण्यात घोटून करायच्या लगद्यासाठी, हाताला तेल चोळून ती हिरव्या केळ्यांच्या पाठीवर सुरीने चिरा पाडत होती. एरवी चिकाने बोटं काळी झाली तरी तिला पर्वा नसे. आज मात्र ती प्रत्येक केळं दोन बोटांच्या चिमटीत धरत होती, कारण नखं लालभडक रंगवलेली होती.

"आई, नखं?" मिरेयाने विचारलं. ही तिची लेक, राजधानीत नोकरीला. कालच बसने आली होती. "छपरासाठी?"

"गप. कांदा चीर."

"चिरते की. लिपस्टिकही छपराला आवडेल अशीच लावलीयस."

खरी गोष्ट अशी होती. बाजारात केळ्यांच्या ढिगाआडून, टोपी हातात घेऊन एलिसेओने तिला विचारलं होतं, "नेरेइदा, माझ्या घरी याल? म्हणजे राहायला. चर्चमध्ये जाऊन, रीतसर." आणि ती तोंड उघडणार तोच घाबरून स्वतःच म्हणाला, "आत्ता नका सांगू! रविवारी येतो. घरच्यांनी विचारलं तर छप्पर बघायला आलो म्हणेन."

एवढा आडदांड बागायतदार, दीडशे केळ्यांचा घड खांद्यावर टाकून चालणारा, पण तेव्हा त्याचे कान पेरूच्या गरासारखे गुलाबी झाले होते. ते कान आठवले की नेरेइदाला हातातलं काम सोडून हसू यायचं. या वयात रात्रभर झोप नाही, पहाटे उठून अंगण दोनदा झाडलेलं, आणि तरी अंगात नाचायची सुरसुरी. कोपऱ्यावरच्या दुकानात सकाळीच गाणी लागली होती आणि तिची टाच आपोआप ठेका धरत होती.

होकार तर जिभेवर तयार होता. अडत होतं ते दारातल्या त्या खुर्चीपाशी. नवरा राफाएल जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याची आई नेरेइदापाशीच राहिली. आता ही नदीकाठी एलिसेओकडे गेली, की मिरेया राजधानीत आणि म्हातारी इथे एकटी. आणि मुळात ज्या बाईच्या मुलाची आपण विधवा, तिलाच दुसऱ्या लग्नाचं कुठल्या तोंडाने सांगायचं? सासू 'नको' म्हणाली तर एलिसेओला नकार द्यायचा, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून तर तिने सासूला विचारलंच नव्हतं.

केळी उकळत होती. व्हिनेगरमध्ये लाल कांदा परतला तसा घरभर आंबूस, झणझणीत वास सुटला. मिरेयाने तव्यावर चीजचे तुकडे सोडले. ते चुरचुरले, कडेने खरपूस झाले.

"केळी सुरी घातली की सुटतायत," मिरेया म्हणाली. "घोटायची?"

"खुळी की काय! माणूस दारात आल्याशिवाय मांगू घोटायचा नाही. तोवर गरम पाण्यातच बसू दे. घोटून ठेवला की दगड होतो."

हे तिने मोठ्या रुबाबात सांगितलं आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एलिसेओच्या गाडीसारखं इंजिन खोकलं.

"आले!" नेरेइदा ओरडली.

पुढचं सगळं एका दमात झालं. तिने भांडं उचललं, पाणी मोरीत ओतलं, वाफेत चेहरा बुडाला, लोण्याचा गोळा पडला, मीठ पडलं, आणि जाड काट्याने तिने असं घोटायला घेतलं की टेबल सरकत सरकत भिंतीला लागलं. "गार पाणी! ओत, ओत, बेताने! बास!" मांगू हलका, मऊ, चकचकीत झाला. नेरेइदाने एप्रन फेकला, केसांवरून हात फिरवला आणि दार उघडलं.

"कांदे, बटाटे, रताळी घ्याऽऽ!" भाजीच्या गाडीवरचा भोंगा तिच्या तोंडावर ओरडला.

ती तशीच उभी राहिली. भाजीवाल्याने तिची लिपस्टिक पाहिली आणि टोपीला हात लावून अदबीने विचारलं, "रताळी देऊ, राणीसाहेब?"

मिरेया हसून हसून जमिनीवर बसली. नेरेइदालाही हसू आलं, पण डोळे भरल्यावर येतं तसलं. एलिसेओचा पत्ता नव्हता. बघता बघता भांड्यातला मांगू घट्ट झाला. मिरेयाने चमच्याने वाजवून पाहिला. टक्क.

"छप्पर गळतं तिथे हाच लिंपू," ती म्हणाली.

खुर्ची झुलायची थांबली. दोन्या कासिल्दा काठी टेकत उठल्या, आत आल्या आणि एलिसेओने दर आठवड्याला पाठवलेल्या घडांपैकी ताज्या घडातून केळी तोडू लागल्या. सुरी त्यांनी स्वतः घेतली.

"दोन्या, तुम्ही बसा, मी करते."

"तू नखं सांभाळ." म्हातारीने झरझर चीर पाडली. चीक त्यांच्या सुरकुत्यांत उतरत होता. "माझा राफाएल उन्हातून जेवायला यायचा तेव्हा किती वेळा असं झालं?"

"कसं?"

"इंजिन ऐकून घोटलंस, असं."

नेरेइदा दुसऱ्या भांड्यात पाणी ओतू लागली. खरं उत्तर होतं: एकदाही नाही. राफाएल खुर्ची ओढून बसला की मग ती वाढायची. तो जेवायचा, ती जेवायची, छान चाललं होतं. तिचे कान तापले. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त पुढचं केळं उचललं.

दुसरं भांडं उकळलं तेव्हा एलिसेओ खरंच आला. इस्त्रीचा शर्ट, भांगात पाणी, आणि हातात, देवा रे, मोजमापाची टेप! दारातून आत येताच तो वर बघू लागला.

"पत्रा... पत्रा बरा आहे," तो पत्र्याला उद्देशून म्हणाला.

"आधी खा. वादळ काय आजच येत नाहीये," दोन्या कासिल्दा म्हणाल्या.

या वेळी नेरेइदाने त्याच्यासमोर घोटला. मऊसूत ढीग, त्यावर गुलाबी कांदा, बाजूला चीज, सलामी, अंडं. एलिसेओने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग घाईने उघडले आणि म्हणाला, "खिळे बदलावे लागतील."

"किती?" मिरेयाने निष्पापपणे विचारलं.

"पुष्कळ."

"म्हणजे पुन्हा पुन्हा यावं लागेल."

त्याचे कान गुलाबी झाले. नेरेइदाने लेकीला टेबलाखाली लाथ मारली. ती एलिसेओला बसली. तो दचकला, त्याने नेरेइदाकडे पाहिलं आणि हसला. तिला वाटलं आत्ता, या क्षणी 'हो' म्हणून टाकावं आणि धावत अंगणात जावं. मग तिची नजर सासूकडे गेली आणि शब्द परत आत वळला. एलिसेओ पुन्हा पत्र्याकडे बघू लागला.

दोन्या कासिल्दांनी काटा ताटात ठेवला.

"पोरा, मान दुखेल. खाली बघ. तू हिला मागायला आलायस, आणि हिला यायचंय. माझा मुलगा गेला, ही का म्हणून थांबेल? घेऊन जा." त्यांनी रुमालाने बोटं पुसली. चीक निघाला नाही. त्या पुसतच राहिल्या. "फक्त मला इथे ठेवून जाऊ नका रे. मला एकटीला भीती वाटते."