डाग नसलेली पानं

रोग सोडल्यापासून चौदाव्या दिवशी सकाळी तिनं काचघरात भिंग डोळ्याला लावलं आणि ती सतरा नंबरच्या ट्रेपाशी थबकली. बाकीच्या ट्रेंमध्ये गव्हाच्या कोवळ्या पानांवर तांबेऱ्याचे फोड उठले होते. बोट लावलं की विटकरी भुकटी लागायची. या ट्रेमधली बारा रोपं मात्र हिरवीगार. एक डाग नाही.

"सापडलं!" मागून साहेब जवळजवळ ओरडलेच. नऊ वर्षं ते गव्हाचे संकर करत होते. त्या नव्या वाणांवर मुद्दाम रोग सोडून कोण टिकतं ते पाहायचं काम तिचं. "भिंगवाल्या बाई, तुमच्या हाताला यश आहे हं!" त्याच दुपारी त्यांनी ते वाण शेतातल्या चाचणीच्या यादीत घालून यादी वर पाठवूनही दिली.

ती हसली खरी, पण नजर ट्रेच्या रिकाम्या कोपऱ्यावर गेली.

फवारणीच्या दिवशी, तांबेऱ्याची भुकटी तेलात कालवून ती एकेक ट्रे फवारत असताना धाकट्या भावाचा फोन आला होता. "अक्का, बाबा जिन्यावरून पडले." फवारा तिथंच टाकून ती फाटकापर्यंत धावली, तेवढ्यात पुन्हा फोन. "पायच मोडलाय फक्त. मी नेतोय त्यांना, तू संध्याकाळी ये." ती परत आली, फवारा उचलला. पण सोळावा ट्रे झाला होता की सतरावा? प्रत्येक ट्रेच्या कोपऱ्यात हमखास रोग धरणारं जुनं वाण लावायचं, म्हणजे फवारा पोचला की नाही ते कळतं. सतराच्या कोपऱ्यातलं बी नेमकं उगवलंच नव्हतं.

यादी गेली त्या संध्याकाळी ती बाबांकडे गेली. प्लॅस्टरातला पाय उशीवर ठेवून ते खाजवायला मोजपट्टी शोधत होते. "आत खाज सुटलीये आणि हात पोचत नाही. जीव नकोसा झालाय!"

"मलाही तेच झालंय," ती म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

"मग सांग की साहेबाला. खाऊन टाकणार आहे का तो तुला?"

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"यादी गेलीय, बाई! आता मी काय तोंड दाखवू?"

"शेतात तांबेरा आला तर तो यादी वाचून थांबणार नाही, साहेब."

साहेबांनी त्याच वाणाच्या बियांचं पाकीट तिच्यापुढे सरकवलं.

तिनं चोवीस बिया पेरल्या, कोपऱ्यात जुन्या वाणाच्या चार. आठवड्यानं पानं आली. भुकटी नीट चिकटावी म्हणून ओल्या बोटांनी प्रत्येक पान चोळलं, फवारलं, ट्रे दमट पेटीत ठेवला, दुसऱ्या दिवशी काचघरात आणला. मग नुसती वाट पाहणं. जेवणाचा डबा उघडावा, दोन घास खावेत आणि उठावं. माळीकाका म्हणाले, "पाळण्यातल्या पोरापाशीसुद्धा कुणी इतकं डोकावत नाही हो!" साहेब दारावरून जायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत.

फवारल्यापासून दहाव्या दिवशी जुनं वाण फोडांनी भरलं. पाठोपाठ चोवीसातली एकोणीस रोपं. तिनं डोळे मिटून घेतले. म्हणजे सतरावर फवारा पडलाच नव्हता.

राहिलेल्या पाचांवर तिनं भिंग धरलं. पानांवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके होते. रोग आत शिरायला गेला आणि तिथल्या तिथे मेला होता. पुन्हा पाहिलं. मग ती साहेबांना बोलवायला धावलीच.

साहेब बराच वेळ भिंगावर वाकून राहिले. "बी मिसळीचं आहे अजून, सगळी रोपं सारखी निघत नाहीत," ते शेवटी म्हणाले. "पण या पाचांत काहीतरी आहे." तिच्यासमोरच त्यांनी फोन लावला आणि वाण यादीतून काढायला सांगितलं. पलीकडून बरंच ऐकून घ्यावं लागलं असावं. ते नुसते "हो, चूक आमचीच" म्हणत राहिले.

पाच रोपं मोठ्या कुंड्यांत हलवताना तिनं घाई केली. एक मुळाशीच मोडलं. ते तसंच हातात धरून ती साहेबांच्या खोलीत गेली.

"हे माझ्या हातून मोडलं."

साहेबांनी रोपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चार पुरेत," ते म्हणाले. "बसा जरा. पाणी घ्या."