शेवटच्या रांगेसाठी

मी पायपेटी बोलतेय. बोलतेय कसली, भात्याला भोक पडलंय, तेव्हा सूर थोडा नि वारा फार. सांभाळून घ्या.

माझी सगळी जवानी संगीत नाटकात गेली. मालक गाणारे नायक, आणि नायिका त्यांचीच बायको. सगळी मंडळी तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणते. मालकांचा हट्ट एकच: गाणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे. त्या हट्टापायी अडतिसाव्या वर्षी त्यांचा गळा गेला तो गेलाच. टाळ्या वाजवणाऱ्यांनीच शिट्ट्या मारल्या. घरी येऊन मालक माझ्यावर डोकं टेकून ढसाढसा रडले. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात बोलपट आला. गाण्यातलं कळणारा दिग्दर्शक एका बोलपट कंपनीला हवाच होता. मालकांना खुर्ची मिळाली आणि त्यांनी नायिका म्हणून वहिनींनाच घेतलं.

तेव्हा चित्रीकरण चालू असतानाच गाणं मुद्रित व्हायचं. मला पुठ्ठ्याच्या झाडामागे दडवलं होतं. वहिनींचा घसा चार दिवस सुजलेला. त्या माझ्या वादकाला हळूच म्हणाल्या, "आज दोन पट्ट्या खाली धरा हो."

"मुळीच नाही!" मालकांनी ऐकलं. "नाटकात होती तीच पट्टी."

चौथ्या खेपेला ध्वनिमुद्रक खूश झाला. "झकास! हेच ठेवू."

"शेवटच्या रांगेला काय ऐकू जाणार, कपाळ?"

"अहो, माईक त्यांच्या डोक्यावर हातभर आहे. इथे रांगा आहेत कुठे?"

पण नाटकवाल्याला कोण सांगणार? पालथ्या घड्यावर पाणी! पुन्हा, पुन्हा, पुन्हा. अकराव्या खेपेला वहिनींनी तो वरचा सूर असा लावला की दिवेवालेही काम विसरले. मग त्या मटकन खाली बसल्या. रुमालाला रक्त होतं. मालक अजून टाळ्या वाजवत होते.

डॉक्टरांनी गाणं कायमचं बंद केलं. बोलणंसुद्धा कुजबुजण्यापुरतं उरलं.

बोलपट तुफान चालला. पहिल्या खेळाहून मालक धावतच घरी आले. "अगं, अख्खं थिएटर 'वन्स मोअर' ओरडत होतं!"

वहिनी भाजी चिरत होत्या. मान वर न करता त्या कुजबुजल्या, "मग गा की तुम्ही."

त्यानंतर त्या घरात मला कुणी हात लावला नाही.

आता दोघंही नाहीत. मी एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात पडून आहे. हट्ट मालकांचा होता, बोटं वादकाची होती, पण सूर मीच दिला ना? तो मला आजही छळतो. मला कुणी घरी नेलंत, तर गाणाऱ्या बाईला आधी विचारा, "आज झेपेल ना?" नाही म्हणाली, तर बाबांनो, माझं झाकण लावून टाका.