पहिलं कार्ड

वसंतरावांनी सहाशे एकेचाळिसावं कार्ड चिमट्यानं उचललं, सहाशे बेचाळिसाव्याच्या जागी ठेवलं आणि दोन्हींकडे भिंगातून पाहत बसले. एका कार्डावर चेंडू आणि टोपीची कड यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढं अंतर होतं, दुसऱ्यावर अर्ध्या दाण्याएवढं. थोड्या वेळानं त्यांनी कार्डं पुन्हा पहिल्यासारखी ठेवली.

"अंकल, हो गया क्या?" शहनाझनं दारातून विचारलं.

"हुआ. ऐसा लगता है."

"तीन हफ्ते से आपको लगताच है," ती हसत आत आली.

शहनाझ मूळची हैदराबादची. शारजातल्या या व्हिलात एका अरब मालकाचा संग्रह होता, तो ती सांभाळायची. मालकाला इथं सगळे अरबाब म्हणत. तो तरुणपणी अमेरिकेत शिकायला गेला आणि तिथून एक नाद घेऊन आला. शंभर वर्षांपूर्वी तिथली साधी माणसं पैसे देऊन जे जे बघायला जात, त्याचं उरलंसुरलं तो लिलावांत विकत घेई. भिंतींवर सर्कशीची पोस्टरं होती, काचेच्या कपाटांत विदूषकाचे हातभर लांब बूट, बोलक्या बाहुल्याचं लाकडी डोकं, गाण्यांच्या छापील वह्या आणि कधीच न फाटलेल्या तिकिटांची भेंडोळी. दोन हजार साल लागायच्या आत हे सगळं लोकांसाठी खुलं व्हायचं होतं.

दालनाच्या मधोमध एक लोखंडी यंत्र उभं होतं. खांबावर पेटी, पेटीला डोळे लावायची जागा आणि बाजूला दांडा. आत एक चाक होतं आणि चाकाला चाफ्याच्या पाकळ्यांसारखी दाट लावलेली फोटोंची कार्डं. दांडा फिरवला की एकेक कार्ड खटकन पुढं पडायचं आणि चित्र हलू लागायचं. एका वेळी एकाच माणसानं बघायचं. न्यूयॉर्कहून येताना चाक निखळलं आणि आठशे तेरा कार्डं खोक्यात सांडली. खालच्या कडेला आकडे होते म्हणे, पण ती कड ओलीनं केव्हाच खाल्ली होती.

कॉलेजातल्या दोन मुलांनी दोन दिवसांत हात टेकले. तेव्हा शिवानीनं, म्हणजे वसंतरावांच्या सुनेनं, ओळखीतल्या शहनाझला सांगितलं होतं, "माझ्या सासऱ्यांना देऊन बघ. अडतीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासलीत. एकसारख्या दिसणाऱ्या गोष्टी बघत बसणं त्यांना आवडतं." त्यांचा मुलगा सिद्धार्थ जरा घाबरला होता. व्हिजिट व्हिसावर काम करता येत नाही, असं त्याचं म्हणणं. पगार घेतला तर ते काम, असं वसंतरावांनी हळू आवाजात सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघाले.

कार्डांवर गोल टोपी घातलेला एक माणूस चेंडू झेलत होता. शेजारी नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी होती. रांगेच्या एका टोकाला माणसाचे हात रिकामे आणि पाचही चेंडू मुलीच्या ओच्यात. दुसऱ्या टोकाला पाचही चेंडू हवेत आणि मुलीचा ओचा रिकामा. मधल्या कार्डांत एकेक चेंडू हात बदलत होता.

"तो अब बोलिए, पहिला कार्ड कौन सा?"

वसंतरावांनी चष्मा काढून पुसला. गेले आठ दिवस हाच प्रश्न ते टाळत होते. वर जाणारा चेंडू आणि खाली येणारा चेंडू फोटोत सारखाच दिसतो. देणारा हात आणि घेणारा हात, तेही सारखेच. रांग बरोबर लागली होती, पण ती कुठल्या टोकाकडून वाचायची हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"खाली हाथ से शुरू होता होगा ना," शहनाझ म्हणाली. "मैंने तो पाटी भी छपवा ली." तिनं पाटी दाखवली. इंग्रजी आणि अरबी. एकापासून पाचापर्यंत, असा तिचा अर्थ होता. "कल ग्यारह बजे जहूरभाई आ रहे. वो एक बार गोंद लगाके पट्टी कस दिए तो खलास. कार्ड इतने नाजूक हो गए, दुबारा निकाले तो चूरा हो जाएगा."

"म्हणजे उलटं बसलं तर..."

"तो उल्टाच रहेगा, अंकल. हमेशा."

वसंतरावांनी चिमटा डबीत ठेवला. "कल बताता हूँ," ते म्हणाले.

दुबईत, करामा भागातल्या मुलाच्या घरी जेवताना विषय निघालाच.

"बाबा, त्यात एवढं काय?" सिद्धार्थ म्हणाला. "कुठलाही शो वाढत जातो. झिरोपासून फाइव्ह. सिंपल लॉजिक आहे."

"इट्स ऑब्व्हियस, आजोबा," इरानं पापड मोडला. "नोबडी क्लॅप्स फॉर लेस."

वसंतराव आमटीभात कालवत राहिले. छापखान्यात सोय होती. मजकुरात काही खटकलं की समासात शंका लिहायची आणि कागद लेखकाकडे पाठवायचा. दुरुस्ती लेखकानं करायची. अडतीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर एक शब्द बदलला नव्हता. एकदा लेखकच पुस्तक छापून व्हायच्या आत वारले. मालकांनी विचारलं, हे वाक्य ठेवायचं की काढायचं, तुम्ही सांगाल तसं करू. वसंतरावांनी चार दिवस रजा टाकली. परत आले तेव्हा त्या पानांचा फॉर्म छापून झाला होता. वाक्य ठेवलं की काढलं, हे त्यांनी अजून पुस्तक उघडून पाहिलेलं नव्हतं.

"यांना कसलं विचारताय?" कुमुद म्हणाली. "मला बघून गेल्यावर यांच्या मामांनी यांना तीन पत्रं लिहिली, तेव्हा कुठं होकार आला."

सगळे हसले. वसंतरावही हसले.

"आणि हे चुकलं तर काय होणार आहे?" शिवानीनं विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "पण तो माणूस आता कुणाला सांगायला येणार नाही ना, की बाबांनो, मी असं नव्हतं केलेलं."

कुमुदनं त्यांच्या पानात तूप वाढलं.

"परवा विमान आहे. उद्या मी येते तुमच्याबरोबर. तीन आठवडे कुठं जाऊन बसता ते तरी बघू."

सकाळी टॅक्सीतून उतरताच तिनं हिशेब केला. "पंचेचाळीस दिरहॅम. म्हणजे सव्वापाचशेच्या वर झाले हो." आत आल्यावर मात्र ती हिशेब विसरली. घोड्याच्या पाठीवर एका पायावर उभी असलेली बाई, हत्तींची उतरंड, बाटलीत शिरणारा माणूस, अशी पोस्टरं ती मान वर करून एकेक बघत गेली.

"तमाशाच्या सामानाला एवढा एसी?"

"आंटी, ये सब पुराना कागज है. गरमी में सड़ जाता," शहनाझ म्हणाली आणि तिच्यासमोर बिनदुधाचा सुलेमानी चहा ठेवला. चहा टेबलापासून दूर, खिडकीत प्यायचा, हेही सांगितलं. कुमुदला ते आवडलं. कपाटातल्या लोणच्याच्या बरण्यांपाशी तीही कुणाला ओल्या हातानं जाऊ देत नसे.

चहा झाल्यावर ती टेबलाशी आली. वसंतरावांनी तिला सगळं समजावून सांगितलं आणि भिंग दिलं. तिनं ते आधी पदरानं पुसलं.

"पोरगी त्याचीच असणार," थोड्या वेळानं ती म्हणाली. "कान बघा."

वसंतराव वाकले. तीन आठवड्यांत त्यांनी मुलीच्या ओच्यातले चेंडू रोज मोजले होते. मुलीकडे पाहिलं नव्हतं.

"आणि हिचा मोजा उतरलाय."

"कुठं?"

"हा काय, डाव्या पायाचा. घोट्यावर गोळा झालाय. त्या टोकाचं कार्ड बघू."

त्यांनी दुसऱ्या टोकाचं कार्ड चिमट्यानं आणलं. पाचही चेंडू हवेत होते. मुलीचे दोन्ही मोजे गुडघ्यापर्यंत नीट ओढलेले होते.

कुमुदनं भिंग खाली ठेवलं. "मग झालं की. मोजा आपण होऊन खाली येतो. आपण होऊन वर जात नाही."

वसंतराव खुर्चीत बसले, लगेच उठले. "तिनं मध्येच ओढून घेतला असेल तर?"

"मग वाकलेली दिसेल कुठंतरी."

"काही कार्डं हरवलेली आहेत. पंचवीस-तीस."

"सलग?"

सलग नव्हती. इथं एक, तिथं दोन. प्रत्येक जागी त्यांनीच कोरी चिठ्ठी घातली होती. तरीही त्यांनी दर विसावं कार्ड काढलं आणि टेबलाच्या कडेनं ओळीत मांडलं. चेंडू हातानं झाकून नुसता मोजा पाहत ते टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला गेले. गुडघा. गुडघ्याच्या खाली दोन बोटं. पोटरी. चेंडू घ्यायला मुलगी प्रत्येक वेळी टाचा उचलत होती आणि प्रत्येक वेळी मोजा थोडा घसरत होता. शेवटी घोटा. ती कुठंही वाकली नव्हती.

म्हणजे माणूस पाच चेंडूंनी सुरुवात करत होता आणि एकेक करून सगळे मुलीला देऊन टाकत होता.

अकराला पाच मिनिटं असताना जहूर आला. म्हातारा, बारीक, हातात औजारांची पेटी. "यल्ला, चलो अंकल. किधर से चालू करूँ?"

वसंतरावांनी शहनाझला सांगितलं. सांगताना ते पाटीकडे बघत होते.

"घटता जाएगा?" तिचा चेहरा उतरला. "अंकल, आखिर में तो कुछ बचेगाच नहीं. लोग क्या देखेंगे, खाली हाथ? अरबाब को वो पाटी इतनी पसंद आई थी. आप शुअर हैं? सौ टक्का?"

वसंतरावांनी कुमुदकडे पाहिलं. ती पलीकडच्या कपाटापाशी पाठ करून उभी होती आणि विदूषकाच्या बुटांशी आपली चप्पल मोजून बघत होती.

"ये बच्ची का मोजा देखिए," ते म्हणाले. त्यांनी भिंग तिच्यापुढं धरलं.

शहनाझ टेबलाच्या कडेनं वाकून चालत गेली. परत आली. पुन्हा एकदा गेली.

"मैं भी बॉल में ही अटकी रही," ती सावकाश म्हणाली. तिनं पाटी उचलली, पालथी करून खुर्चीवर ठेवली. "पर अंकल, बाद में कोई बोला कि गलत है, तो मैं आपका नाम लूँगी."

"लीजिए."

"देखो, एक बार गोंद लगा तो लगा," जहूर म्हणाला. "पक्का?"

वसंतरावांनी पाच चेंडूंच्या कार्डाशेजारी बोट टेकवलं. "पक्का. इधर से."

शब्द त्यांना वाटला त्यापेक्षा मोठ्यानं आला. कपाटापाशी कुमुदनं मागं वळून पाहिलं.

जहूरला दुपारचे तीन वाजले. मधे तिघांनी डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. जहूरनं हात पुसून फक्त लोणचं घेतलं आणि आणखी मागितलं. गोंद वाळायला त्यानं एक पंखा लावला, मग चाक पेटीत बसवलं, दिव्याची वायर जोडली आणि दांड्याला तेलाचा थेंब दिला.

"अंकल, पहले आप."

वसंतराव एक पाऊल मागं सरकले. "तू बघ," ते कुमुदला म्हणाले.

डोळे लावायची जागा तिच्यासाठी उंच होती. जहूरनं स्टूल आणलं. ती साडी सावरून चढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि दांडा फिरवू लागली. खट, खट, खट. मग आवाज एकमेकांत मिसळून सलग झाला.

वसंतरावांना तिचा चेहरा दिसत नव्हता. फक्त कोपर दिसत होतं, गोल फिरणारं. ते मनात मोजत होते. आता पहिला चेंडू दिला असेल. आता दुसरा. एकदा ती मोठ्यानं हसली.

"काय झालं?"

"काही नाही. पोरगी वेंधळी आहे."

तिसरा. चौथा. शहनाझ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. शेवटचा चेंडू आता गेला असणार. कोपर आणखी थोडं फिरलं आणि थांबलं.

"संपलं?" वसंतरावांनी विचारलं.

"चेंडू संपले," कुमुद डोळे न काढता म्हणाली. "त्याचे हात अजून चालूच आहेत."

वसंतराव तिच्याकडे बघत राहिले. रिकाम्या हातांची ती सगळी कार्डं त्यांच्या हाताखालून गेली होती. हात दर वेळी वेगळ्या उंचीवर का, असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. रिकामे हात ते रिकामे हात, म्हणून त्यांनी ती नुसती बोटांच्या अंतरानं लावली होती.

"क्या बोलीं आंटी?" शहनाझनं विचारलं.

त्यांनी तिला हातानंच थांबायला सांगितलं आणि ते स्टुलाच्या जवळ गेले.

"ती हसतेय का गं? मुलगी?"

"थांबा हो जरा," कुमुद म्हणाली, आणि दांडा मघापेक्षा सावकाश फिरवू लागली.