नावाड्याचा बोकड

चौथ्या दाराची बेल दाबली तेव्हा तिने बोट उचललंच नाही.

नर्सबाई म्हणाल्या होत्या, पुस्तक केव्हाच पुढे दिलं. शिवणकामवाल्या काकूंचंही तेच. वर हसून म्हणाल्या, तुझ्या आईचा दंडकच होता, वाचून झालं की मैत्रिणीला द्यायचं, दडवून ठेवेल तिचं डोकं दुखेल. बँकेतल्या बाईंनी तर उलट तिलाच विचारलं, दुसरं काही वाचायला आणलंस का. आई जाऊन महिना झाला होता. साड्या मामीने परस्पर वाटून टाकल्या. आईचं म्हणावं असं ते एक पुस्तक उरलं होतं, आणि तेही गावभर हुंदडत होतं.

दार उघडलं आईच्या शाळेतल्या मैत्रिणीने. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीपासूनच अधू. भिंत चाचपत ती आत वळली.

"मावशी, आईचं पुस्तक तुझ्याकडे आहे?"

"आहे की. पण देणार नाही."

"माझ्या आईचं आहे ते."

"मग नियमही तिचाच. पुरं झाल्याशिवाय पुढे नाही. माझं अर्धं राहिलंय, आणि वाचून दाखवणारी निघून गेली."

दुपारी 'जरा पाय मोकळे करून येते' म्हणून आई बाहेर पडायची, ती इथे येत होती तर. मावशीच्या उशाचं पुस्तक तिने जवळजवळ ओढूनच घेतलं. चार पानं वाचते आणि नेते, असं बजावलं. मधे आईच्या शिवणाच्या डब्यातला निळा दोरा होता.

मावशीने पाय वर घेतले. समोर नवऱ्याच्या फोटोवरची धूळ तिला दिसत नसावी.

"हे गेल्यापासून हसले असेन तर त्या नावाड्यावर. बघ गं, म्हातारा बोकडाशी भांडतोय का अजून?"

तिने दोऱ्यापाशी पान उघडलं. ही कादंबरी तिची जवळजवळ पाठ होती. नावाडी दोन प्रकरणं मागेच वारला होता. या पानावर त्याची बायको बोकडाला विकायला ओढत नेत होती.

तिने मागचं पान उलटून पाहिलं. मग त्याच्याही मागचं. मग ही दोन प्रकरणं आई काय वाचून दाखवत होती?

"काय झालं? अक्षर बारीक आहे?"

"नाही." तिने घसा खाकरला. "भांडतोय. बोकडाने त्याची टोपी खाल्लीय."

मावशी खुदकन हसली.

"मेला बोकड. मग?"

दोरा होता तिथेच ठेवून तिने पुस्तक मिटलं.

"मग म्हातारा म्हणाला..."