कॉलरचा माईक आणि पोटातला गोळा

मित्रांनो, मास्तरांच्या तोंडापेक्षा छातीच्या जवळ ज्याचे आयुष्य गेले, असा मी एक जुना कॉलर माईक आहे. माझ्या डोक्यावर फोमची टोपी आणि शेपटीला सेलची डबी. लातूरच्या एका क्लासमध्ये मल्लिनाथ सरांच्या शर्टाला मला चिमट्याने लावले, तेव्हापासून मी फिजिक्स ऐकतो आहे. अजून समजलेले नाही.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. नांदेडच्या एका शिबिरात सर माझ्यातून म्हणाले, "जो वर्ग प्रश्न विचारत नाही, तो वर्ग शिकत नाही." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी लातुरात त्यांनी लिफ्टमध्ये वजन कमी-जास्त भरण्याचे गणित एका दमात सोडवले आणि विचारले, "समजलं?" भरलेला हॉल म्हणाला, "हो सर." सर पुढच्या गणिताकडे वळले. आवाज सगळ्यांना ऐकू गेला, छातीतली धडधड फक्त मला.

धडधडीला कारण होते. फळ्याच्या वर कॅमेरा होता आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला, केबिनमध्ये, संचालक बसलिंगप्पा. ज्या मास्तराचा पोर्शन, म्हणजे अभ्यासक्रम, मागे पडेल, त्याचा फोटो चौकातल्या फलकावरून उतरे. मुलेही काही कमी नव्हती. चहाच्या टपरीवर म्हणत, समजावून सांगणारे सर पाहिजेत. वर्गात कुणी हात वर केला, की हीच मुले मागून "च्च" करत.

जळकोटची राजकन्या नावाची मुलगी पहिल्या बाकावर बसायची. दर रविवारच्या परीक्षेत ती घसरत चालली होती. या रविवारीही घसरली तर कमी गुणांची मागची बॅच, आणि मागची बॅच म्हणजे बॅग भरून गावाकडे, असे वडिलांनी बजावलेले. "हो सर" म्हणताना तिचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही.

शनिवारी लिफ्टच्या गणिताची उजळणी चालू असताना माझे सेल संपले. ऐकू येत होते, बोलता येईना. मागची बाकं ओरडू लागली. सरांनी कॅमेऱ्याकडे पाहिले, घाम पुसला आणि नाइलाजाने बाकांमधून फिरू लागले. राजकन्येजवळ थांबून त्यांनी सवयीने विचारले, "समजलं?"

एवढ्या जवळून खोटे बोलणे तिला जमले नाही.

"सर, मी लिफ्टमधी कधी बसलेच न्हाई."

मागून "च्च" आले. सर वळले आणि लिफ्टमध्ये कोण कोण बसले आहे, असे सगळ्यांना विचारले. मोजकेच हात वर झाले. च्च करणाऱ्याचा हात खालीच होता.

"सिद्धेश्वराच्या यात्रेत आकाशपाळण्यात बसलीस ना?" सर हळू आवाजात म्हणाले. "खाली येताना काय होतं?"

"पोटात गोळा येतो. अंग हलकं वाटतं."

"मग तेच तर वजन कमी भरणं. लिफ्ट खाली निघाली की अगदी तसंच."

राजकन्या हसली आणि गणित सोडवू लागली. मला मात्र वेगळीच काळजी लागली. माझ्यावाचून हे इतके चांगले होत असेल, तर मित्रांनो, माझी जागा भंगारात.

तास सुटल्यावर बसलिंगप्पा दारातच उभे होते. "पोरांत काय फिरायलात सर? पोर्शन काय पाळण्यात बसून संपणार?" चार मुलेही त्यांच्या मागोमाग केबिनमध्ये गेली. त्यांची तक्रार होती, की आज लिहून काहीच दिले नाही.

रविवारी राजकन्या घसरली नाही. सोमवारी सरांनी मला नवे सेल घातले. भराभर एक गणित झाले. "समजलं?" हॉल म्हणाला, "हो सर." पहिल्या बाकावर राजकन्येचे ओठ हललेसुद्धा नाहीत. ती सरळ सरांकडे पाहत होती.

सरांचा हात कमरेच्या डबीकडे गेला. या क्षणी त्यांचा अंगठा माझ्या बटणावर आहे आणि वर कॅमेरा. धडधड इतकी वाढली आहे, की ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी मला भीती वाटते.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असे सगळ्या जुन्या वस्तू सांगतात. माझे मागणे थोडे वेगळे आहे. सेल बदला, टोपी पुसा. पण मधून मधून मला बंद करा. भंगाराची भीती मला आहेच. पण पोटात गोळा आल्याशिवाय पाळणा खाली येत नाही, एवढे फिजिक्स मला समजले आहे.

दाबा सर.