माडीच्या जमिनीतली झडप

माझा रूबेन वारला तो माडीवरच्या खोलीत, सकाळी, चहा निवायच्या आत. मी पडदे ओढले, कोंबड्यांना दाणे टाकले आणि मग दिराला बोलावणं धाडलं. रडू येईना. आत काही हललंच नाही.

आमच्या सफक परगण्यातली ही जुनी घरं ओकच्या खांब-तुळयांची. जिना धुराड्याला विळखा घालून चढतो, त्यावर शवपेटी वळत नाही. म्हणून माडीच्या जमिनीत, दोन तुळयांच्या मधे, एक सुटी झडप ठेवतात. पेटी दोरांनी खालच्या दिवाणखान्यात सोडायची. आमची लेक हेटी तिथूनच गेली, सात वर्षांची. तिला पुरून आल्यावर रूबेनने झडप खिळ्यांनी ठोकली, खालून गिलावा केला आणि वर आमचा पलंग सरकवला. "आता इथून कुणी जायचं नाही," म्हणाला. जसं काही मरण त्या झडपेतूनच येत होतं! पण त्याला कोण सांगणार?

माझा दीर पर्सी शवपेट्या करणाऱ्या गॅरडला घेऊन आला. गॅरडने जिना पाहून मान हलवली.

"बाई, चादरीत गुंडाळून उभाच आणू. पेटीत खाली ठेवू. हल्ली सगळे तसंच करतात."

"माझा नवरा म्हणजे काय जवाचं पोतं आहे?"

"मग खिडकी काढू," पर्सी म्हणाला.

"तिच्या खांबावर छप्पर आहे. भाऊ गेला, आता घरही पाडतोस का?"

"मग काय करायचं वहिनी, तूच सांग."

रूबेनचा शब्द राखावा, तर तो पोत्यासारखा जाणार. माणसासारखा आडवा न्यावा, तर शब्द मोडणार. 

"त्याला उचलून बाजूला ठेवा," मी म्हटलं. "पलंग सरकवा आणि खिळे उपटा."

गिलावा धाडकन खाली आला. वर पर्सी हुंदके देत खिळे उपटत होता, मी खाली केर काढत होते. मग पेटी धरायला उभी राहिले. हेटीच्या वेळी इथे रूबेन उभा होता. पेटी हळूहळू उतरली, मी पायाकडची बाजू धरली, भिंतीला घासू दिली नाही. हात भरून आले, तेवढंच कळलं.

चर्चमधून परतल्यावर पर्सी हातोडी शोधू लागला.

"झडप ठोकून देतो वहिनी. दादाची तशी इच्छा होती."

"राहू दे," मी म्हटलं. "आता वर मी एकटीच झोपणार. माझी पेटीही जिन्यात वळायची नाही."