चार मिनिटांचे चेहरे

सकाळी सासूबाईंनी पुरवणी टेबलावर पसरली, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. हे नवल होतं. सून वर्तमानपत्रात फोटोग्राफर, म्हणून गेली तेवीस वर्षं त्या रोज सकाळी तिचा फोटो शोधायच्या आणि त्याचं कौतुक करायच्या, मग तो तुंबलेल्या गटाराचा का असेना.

“ही मुलगी आजारी होती का गं?” शेवटी त्यांनी विचारलं.

“कुठली?”

“ही, थाळी फेकणारी. आणि हा बघ, हा तर चक्क झोपलाय.”

सुनेनं हातातली कपबशी खाली ठेवली आणि वाकून पाहिलं. जागतिक स्पर्धेसाठी निवडलेले बावीस खेळाडू, मधल्या दोन पानांवर बावीस चेहरे. थाळीफेकवालीच्या कपाळावर उजेडाचा पांढरा डाग पडला होता आणि नाकाची सावली ओठांवर मिशीसारखी आली होती. पोहणाऱ्याचे डोळे मिटलेले होते. धावणाऱ्या मुलीच्या कानामागून मागच्या कागदाची एक लांब सुरकुती निघून वर गेली होती, जणू भिंतीला तडा गेलाय.

“नाही आई, ठणठणीत होते सगळे,” ती म्हणाली आणि आवरायला गेली.

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणत. संपादक म्हणत, नवीन लागलेल्या मुली म्हणत, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला शिपाईसुद्धा म्हणे. पूर, आग, मोर्चे, मंत्र्यांचे सत्कार, सगळं तिनं टिपलं होतं. एकेकाळी ती एका फोटोसाठी पाण्याच्या टाकीवर चढून तीन तास बसली होती. ते आता कुणी आठवण करून दिली तर तिला दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकल्यासारखी वाटे. मधे काही घडलं होतं असंही नाही. घर नीट होतं, लेक दुसऱ्या शहरात नोकरीला लागली होती, नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी हसतमुख घरी यायचा. फक्त कधीतरी, कधी ते तिलाही सांगता आलं नसतं, कॅमेरा डोळ्याला लावल्यावर आत काही हलायचं बंद झालं होतं. हात आपलं काम करत होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

खेळाडूंच्या फोटोंसाठी तिला स्टेडियमच्या मागची मालिशची खोली मिळाली होती. तेलाचा वास, एकच खिडकी, भिंतीशी सरकवलेले दोन पलंग. तिनं पांढऱ्या कागदाची गुंडाळी लोंबवली, दोन लाइट उभे केले. एका लाइटचा स्टँड ढिला होता, दर थोड्या वेळानं मान टाकायचा. खेळाडू सरावातून थेट येत होते, प्रत्येकाला चार मिनिटं. दारात कोच घड्याळ घेऊन उभा. “इकडे बघा. हनुवटी खाली. थोडी अजून. झालं. पुढचे,” ती म्हणत राहिली. दीड तासात बावीस जण उरकले. दुपारी तिनं प्रत्येकाचा एकेक फोटो पाठवून दिला. संध्याकाळी पान लावणाऱ्याचा फोन आला.

“मावशी, यांतले दुसरे आहेत का हो? दोन-तीन जरा कसेतरीच वाटतायत.”

“हेच आहेत,” ती म्हणाली.

दुसरे होते. प्रत्येकाचे दहा-बारा होते. तिनं ते उघडलेही नव्हते, पहिला दिसला तो पाठवला होता.

पुरवणी आली त्या दिवशी सकाळी अकरापर्यंत सगळीकडे बोभाटा झाला. एका माजी धावपटूनं टीव्हीवर वर्तमानपत्र फडकवून विचारलं, “या पोरांनी दहा-दहा वर्षं घाम गाळला तो असं दिसायला?” लोकांनी तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, हरवलेल्यांच्या जाहिरातीतले फोटो आहेत. कुणी म्हणालं, पोलिस ठाण्यात बरे काढतात. पोहणाऱ्याच्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं, ‘शर्यत संपली की उठवा.’ ते हजारो लोकांना आवडलं. मग कुणीतरी मावशीचा स्वतःचा जुना फोटो शोधून काढला, तिच्या नाकाखाली तशीच सावली रंगवली आणि तोही फिरू लागला.

लेकीचा फोन आला तो रडतच. “आई, तू ते वाचू नकोस.”

“वाचलं.”

“मग?”

“मग काय. जेवलीस का तू?”

दुसऱ्या दिवशी मोठा स्टुडिओ असलेल्या एका फोटोग्राफरनं वीस मिनिटांचा व्हिडिओ टाकला आणि एकेक चूक काठीनं दाखवली. लाइट फार जवळ, फार खाली. कागद ताणलेला नाही. चेहऱ्याचा घाम टिपलेला नाही. मावशीनं ऑफिसात बसून तो पूर्ण पाहिला. माणूस चुकीचं काहीच बोलत नव्हता. तिला कुणी विचारलं असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं. व्हिडिओ संपल्यावर तिनं टेबलावरचा चहा उचलला, तो गार झाला होता, तो तिनं तसाच पिऊन टाकला.

संध्याकाळी नवरा बूट काढता काढता म्हणाला, “आज एका इमारतीत दोघं जण लिफ्टमधे तुझ्याबद्दल बोलत होते. मी वर लिफ्टच्या छतावर होतो, त्यांना माहीत नव्हतं. वाटलं, दोन मजल्यांमधे अडकवून ठेवावेत अर्धा तास.”

“ठेवलंत का?”

“नाही. एकाच्या हातात अंडी होती.” त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती हसली नाही. “अगं, तुला वाईट वाटत असेल तर बोल ना मोकळेपणी. असं दगडासारखं बसू नकोस.”

“वाटत असतं तर बोलले असते हो,” ती म्हणाली. ते खरंच होतं. त्यालाही ते कळलं असावं. तो नुसता शेजारी बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी वारं फिरलं. चित्रकला शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, हे फोटो धाडसी आहेत. खेळाडूंना देव करून ठेवायची आपली खोड या बाईंनी उघडी पाडली आहे, तो मिटलेला डोळा, ती सुरकुती, सगळं बोलकं आहे. संपादकांनी मावशीला केबिनमधे बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता.

“मावशी, वाचलंत? सुटलो आपण. आता तुम्ही एक छोटं टिपण लिहा. मुद्दाम तसे काढले, विचार करून काढले. तीनशे शब्द पुरेत. तुम्हाला जमत नसेल तर मी लिहून देतो, तुम्ही फक्त सही करा.”

“पण मी मुद्दाम नाही काढले.”

“ते कोण बघायला आलंय? तुमचीही अब्रू राहील, पेपरचीही.”

“बघते,” ती म्हणाली.

ती जागेवर येऊन संगणकाचा कोरा पडदा बघत बसली. तीनशे शब्द काही फार नव्हते. तिनं ‘मी’ एवढं लिहिलं आणि तेवढ्यात खालून फोन आला, कोणी मुलगी भेटायला आली आहे, जात नाही म्हणते.

थाळीफेकवाली होती. ट्रॅकसूट, पाठीवर पिशवी, खुर्चीत न मावणारे खांदे. मावशीनं तिला ओळखलं ते छापलेल्या पानावरून. प्रत्यक्ष भेटलेली आठवेना. तिनं मुलीला वर फोटोंच्या खोलीत नेलं आणि खुर्ची दिली.

“मॅडम, मी भांडायला नाही आले,” मुलगी म्हणाली. “मला फक्त विचारायचंय. ते प्राध्यापक म्हणतात, तुम्ही हे मुद्दाम केलं. आमच्या कोचबाई म्हणतात, माझा चेहराच तसा आहे, मी मनाला लावून घेऊ नये. माझी आई काहीच म्हणत नाही. तिनं ते पान घडी घालून कपाटात ठेवलंय. नेहमी ती दारावर चिकटवते. तर खरं काय आहे?”

मावशीला वाटलं, इथं काहीतरी चांगलं बोलायला हवं. पण शोधूनही तसं काही सापडेना.

“तुझा चेहरा तसा नाहीये,” ती म्हणाली. “आणि मी मुद्दामही नाही केलं. मी बघितलंच नाही तुझ्याकडे.”

“म्हणजे?”

“म्हणजे तू समोर होतीस, मी बटण दाबलं. तू कशी दिसतेस ते मी पाहिलं नाही. तेव्हाही नाही, पाठवतानाही नाही.”

मुलीनं आपल्या तळहाताकडे पाहिलं. बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते.

“मुद्दाम केलं असतंत तर बरं झालं असतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “निदान बघितलं तरी असतंत.”

 मावशीनं संगणक मुलीकडे वळवला आणि त्या दिवसाचे फोटो उघडले. थाळीफेकवालीचे अकरा निघाले. पहिला छापलेला. दुसऱ्यात ती लाइटकडे बघतेय. सातव्यात स्टँडनं मान टाकली असावी, कारण मुलगी बाजूला बघून मनापासून हसत होती, तोंडावर अर्धवट हात नेलेला, केस कपाळाला चिकटलेले.

“हा का नाही दिला?” मुलीनं विचारलं.

“उघडलाच नव्हता.”

“मला मिळेल?”

मावशीनं तो छापून पाकिटात घालून दिला. मुलीनं पाकीट पिशवीत सरळ राहील असं दोन टॉवेलांच्या मधे ठेवलं. आभार मानले नाहीत. दारापर्यंत जाऊन ती म्हणाली, “बाकीच्यांचेही असतील ना असे?” आणि निघून गेली.

मावशीनं टिपण लिहिलं. तीनशे शब्दांचं नाही, चार ओळींचं. फोटो मुद्दाम तसे काढले नव्हते, तो निष्काळजीपणा होता. चांगले फोटो होते, ते मी पाहिलेही नाहीत. दोष माझा आहे, खेळाडूंचा नाही. संपादकांनी ते वाचून कपाळाला हात लावला. “मावशी, अहो, स्वतःच्या हातानं?” पण छापलं. प्राध्यापकांनी नाराजीचं पत्र पाठवलं. लोकांनी आणखी दोन दिवस राळ उडवली, मग एका नटाचा घटस्फोट निघाला आणि सगळे तिकडे गेले. पुढच्या आठवड्यात मावशीची बदली जुन्या फोटोंच्या विभागात झाली. तळघरात कपाटं होती, त्यांतले जुने फोटो एकेक करून संगणकात चढवायचे. तिनं मान डोलावली आणि आपला चहाचा मग खाली नेला.

जेवणाच्या सुट्टीत मात्र ती त्या दिवसाचे फोटो उघडायची. थाळीफेकवालीचं शेवटचं वाक्य डोक्यात बसलं होतं म्हणा, किंवा करायला दुसरं काही नव्हतं म्हणा. एकेका खेळाडूचे दहा-बारा फोटो, त्यांतला बरा निवडायचा, त्या त्या माणसाला पाठवायचा. रोज दोघं-तिघं. भालाफेक करणाऱ्याच्या भुवईत जुन्या जखमेची रेघ होती. चालण्याच्या शर्यतीतली बाई प्रत्येक फोटोत कोचच्या घड्याळाकडे बघत होती. हे सगळं तिच्यासमोर उभं राहिलं होतं आणि तिला ते तळघरात बसून कळत होतं. काहींनी छान म्हणून कळवलं. एकानं लिहिलं, ‘आता काय उपयोग?’ बऱ्याच जणांनी काहीच लिहिलं नाही. यातल्या कशानंही तिला फारसं काही झालं नाही. ती पुढच्याकडे वळायची.

एकवीस जणांचे मिळाले. पोहणाऱ्याचा मिळेना. त्याचे बारा फोटो होते आणि बाराही फोटोंत डोळे मिटलेले, नाहीतर अर्धे. तो थेट तलावातून आला होता, डोळे लालभडक, कपाळावर टोपीचा वळ. तिनं त्याला लिहिलं, ‘तुमचा एकही चांगला फोटो माझ्याकडे नाही. माझी चूक आहे.’

तासाभरानं उत्तर आलं. ‘चालायचंच. माझा कुणाकडेच नाही.’

तिनं ते दोनदा वाचलं. मग विचारलं, ‘तुम्ही पाण्यात कधी उतरता?’

‘सकाळी सातला.’

रविवारी साडेसहाला ती तलावावर पोचली. स्वतःचा कॅमेरा, लाइट वगैरे काही नाही. पोहणारा पायऱ्यांवर बसून वाट पाहत होता. उंच, लाजाळू, गुडघे कुठं ठेवावेत ते न कळणारा. “माझ्या शाळेच्या ओळखपत्रावरही डोळे मिटलेलेच आहेत,” तो म्हणाला. “पहारेकरी रोज अडवायचा.”

“तुम्ही बोला,” ती म्हणाली. “मी सांगेपर्यंत थांबू नका.”

तो बोलत राहिला. पाण्याबद्दल, पहाटे बस चुकते त्याबद्दल, बहिणीच्या बाळाबद्दल. ती कॅमेरा मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसली. तिचा हात कॅमेऱ्याकडे गेला, क्लिक होणार असं वाटलं की तो डोळे मिटायचा, आणि त्याआधी त्याचे ओठ किंचित आवळले जायचे, पाण्यात उडी घेताना माणूस श्वास धरतो तसे. हे कळायलाच वीस मिनिटं गेली. पाय अवघडले, पायरीची ओल कपड्यातून आत आली. मग बाळानं त्याच्या पदकाला चावा घेतला होता ते सांगताना तो श्वास धरायला विसरला आणि तिनं बटण दाबलं.

त्यानं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं. “अरे,” तो म्हणाला, “माझे डोळे तपकिरी आहेत.”

“आहेत,” ती म्हणाली.

फोटो साधाच होता. छापला असता तर कुणी दुसऱ्यांदा पाहिला नसता. तो पाण्यात उतरला आणि ती फाटकाबाहेर आली. रस्त्यावर दुकानं नुकतीच उघडत होती. आपल्याला बरं वाटतंय का, हे तिनं स्वतःला विचारून पाहिलं. तसं काही सांगता येईना. पण पोटात मात्र कडकडून भूक लागली होती. कोपऱ्यावरच्या बेकरीत ती उभी राहिली, गरम पाव घेतला आणि घरी पोचेपर्यंत न थांबता तिथंच खायला सुरुवात केली.